वाटाड्याचा पाहुणा

वाटाड्याला हे नाव गावाकडच्या मित्रांनी ठेवलं होतं, आणि ते किती पोकळ आहे हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको. परदेशात त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, पण राहती खोली, बसथांबा, हॉटेलचं मागचं दार आणि तळघरातली लाँड्री यापलीकडे त्यानं या देशातलं काही म्हणून पाहिलं नव्हतं.

लाँड्री मोठी होती. वरच्या मजल्यांवरून चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे पत्र्याच्या घसरगुंडीतून धपाधप खाली येत. ते निवडायचे, डागांप्रमाणे वेगळे करायचे, धुवायचे आणि मग दोघांनी दोन टोकं धरून ओली चादर तापलेल्या रुळात सरकवायची. असल्या कामाला भाषा लागत नाही. डाग, वाफ, लवकर आणि मुकादमाच्या शिव्या, एवढ्या शब्दांवर वाटाड्याचा संसार चालला होता. वाचता त्याला साबणाच्या डब्यांवरचं तेवढं येई. बायको त्याच हॉटेलात वरच्या खोल्या आवरायची, पाहुण्यांशी चार शब्द बोलायची, त्यामुळे तिची जीभ इथल्या भाषेत चांगली रुळली होती.

मग हा वाटाड्या झाला कसा? तर दर रविवारी तो गावाकडे फोन लावी. तिकडे पैलवानाच्या शिलाईच्या दुकानात जुनी टोळी जमलेली असे. पैलवान हा त्याचा बालमित्र, धंद्यानं शिंपी, अंगानं काडी, म्हणूनच पैलवान. “काय मग, या आठवड्यात कुठं?” हा टोळीचा पहिला सवाल. परदेशी गेलेल्या माणसानं काय काय बघितलं हे आपल्या लोकांना आधी हवं असतं. तो तिथं काय उपसतो हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी त्याला सांगायचं नसतं. चादरी बघितल्या असं कोणत्या तोंडानं सांगणार? बायको खोल्यांतून पाहुण्यांनी टाकून दिलेली चित्रांची माहितीपत्रकं आणायची. टॉवेलांतून वाळू पडली की त्या रविवारी वाटाड्या समुद्रावर जाऊन आलेला असे, आणि कुणाच्या मोज्यांना कुसळं चिकटलेली निघाली की जंगलात. उचलली जीभ लावली टाळ्याला! आणि सांगायचा तरी असा रंगवून की तिकडे पैलवानाचं मशीन थांबून जायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण त्यासाठी बघणारा लांब असावा लागतो. पैलवानानं धाकट्या लेकीचं लग्न उरकलं आणि सरळ तिकीट काढलं.

“सगळा जन्म मशीनवर वाकून गेला,” तो फोनवर म्हणाला. “आता तू नेशील तिथं येणार. जंगल म्हण, दरी म्हण, समुद्र म्हण. तू बरोबर असल्यावर मला कसली भीती?”

त्या दिवशी जेवताना बायकोनं विषय काढला. “सांगून टाका त्यांना खरं काय ते. मित्रच आहेत. हसतील आणि सोडून देतील.”

“हसेल म्हणूनच सांगत नाही.”

“मग मी येते बरोबर. निदान वाट तरी विचारता येईल.”

हे तर वाटाड्याला मुळीच परवडणारं नव्हतं. बायको पुढं होऊन वाट विचारतेय आणि वाटाड्या मागे पिशवी धरून उभा आहे, हे चित्र पैलवान गावभर मिरवणार! “तुला रजा कोण देतंय?” असं म्हणून त्यानं पानातला भात संपवला. बायकोनं त्याचं पान उचललं. पुरुषांच्या अब्रूचं ओझं शेवटी कुणाच्या तरी डोक्यावर पडतं हे तिनं बघितलेलं होतं.

पैलवान आला तो स्वतः शिवलेली दोन जाकिटं घेऊन. एकसारखी, खिसेच खिसे असलेली. “मोहिमेचा पोशाख,” तो म्हणाला. दोघं ती चढवून आरशापुढे उभे राहिले आणि शाळेतल्यासारखे खिदळले. वाटाड्याला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्याच्यासाठी इतक्या लांबून कुणीतरी आलं होतं, आणि ते माणूस त्याला फार आवडत होतं. खरं सांगायची एक वेळ असते ती हीच होती. त्यानं ती जाऊ दिली.

पहिल्या दिवशी त्यानं पैलवानाला जंगलात नेलं. माहितीपत्रकावर एका पडक्या बुरुजाचं चित्र होतं, तेवढ्या भांडवलावर. शेवटच्या थांब्यावर ते बसमधून उतरले, वाट झाडीत शिरली आणि थोड्याच वेळात तिला फाटे फुटू लागले. पैलवानानं मोबाइलवरचा नकाशा उघडला, तसा वाटाड्यानं त्याच्या हातावर चापटी मारली. “ठेव तो खिशात. मोबाइल बघून फिरतात ते पर्यटक.” मग डावं वाटलं तिथं डावीकडे, उजवं वाटलं तिथं उजवीकडे. झाडी दाट होत गेली, वारा पडला, पाखरांचा आवाजही बंद झाला. वाटाड्याच्या पाठीवरून घाम निथळू लागला. अखेर त्याच्यानं राहवलं नाही.

“पैलवान,” तो म्हणाला, “हरवलो रे आपण.”

हे शब्द तोंडातून पडतात न पडतात तोच झाडांच्या फटीतून बुरुज दिसला. पैलवानानं त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की विचारू नका. “अरे चोरा! घाबरवतोस होय? माझं पाणी पाणी झालं ना!” वाटाड्या हसला. दुसरं काय करणार? ओढवलेली नामुष्की बसल्या जागी चेष्टा होऊन गेली होती, आणि तो वाचला असं त्याला वाटलं.

दुसऱ्या खेपेला दरीवरचा दोरखंडाचा पूल झाला. अलीकडच्या टोकाला लाल साखळी आडवी बांधलेली होती. “ही काय भानगड?” पैलवानानं विचारलं. “गुरं जाऊ नयेत म्हणून,” वाटाड्या म्हणाला आणि साखळी ओलांडून पुढे झाला. मधल्या फळ्या कुजलेल्या होत्या, पायाखाली त्या दाबल्या जाताना कळत होतं. पलीकडे पोचल्यावर त्यानं आधी पुलाचा खांब घट्ट धरला. पैलवान मात्र दरीकडे बघून लहान मुलासारखा ओरडला आणि स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकून खूश झाला.

घरी आल्यावर पैलवानानं वहिनींना सगळं साग्रसंगीत सांगितलं. साखळीचं ऐकताना तिच्या हातातली पळी थांबली. तो आंघोळीला गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “लाल साखळी म्हणजे पूल बंद असतो. हॉटेलात बंद जिन्याला लावतात तीच. तुम्हाला माहीत आहे.”

“झालं का काही?”

“अजून नाही झालं.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “उद्या निदान कुणाला तरी विचारा. माझ्या गळ्याची शपथ आहे.”

“विचारीन,” तो म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या मनातही तसंच होतं.

पुढच्या दिवशी ते समुद्रावर गेले. किनाऱ्यापासून लांब एक लहानसं बेट, त्यावर पांढरा दीपस्तंभ, आणि मध्ये पाणीच नव्हतं. ओहोटीनं सगळा तळ उघडा पडला होता, नजर जाईल तिथवर ओली, कडक, वळ्यावळ्यांची वाळू. माहितीपत्रकात त्याच वाळूवरून माणसं हसत चालली होती. आज मात्र आकाश पांढुरकं, मेल्यासारखं होतं, आणि समुद्र नुसता लांब करड्या रेघेसारखा दिसत होता. त्याचा आवाजही येत नव्हता.

वाळू सुरू होते तिथं एक मोठी पाटी होती. वरपासून खालपर्यंत मजकूर, आकडे, लाल अक्षरं.

“काय लिहिलंय रे एवढं?” पैलवानानं विचारलं.

वाटाड्यानं पाटीकडे बघितलं. एखादा शब्द ओळखीचा लागेल म्हणून त्यानं डोळे फिरवले, पण हे काही साबणाचे डबे नव्हते. “नेहमीचंच,” तो म्हणाला. “कचरा करू नका, शिंपले नेऊ नका.”

शेजारी चहाची टपरी होती. तिथली बाई कप पुसत होती. बायकोला दिलेला शब्द वाटाड्याला आठवला आणि त्याची पावलं दोनदा टपरीकडे वळली. पण विचारायचं म्हणजे पैलवानाच्या देखत ते मोडकंतोडकं बोलायचं, बाईनं दोनदा “काय?” म्हणायचं आणि पैलवानानं ते बघायचं. इतक्या वर्षांचे रविवार एका “काय?”मध्ये गेले असते. तो पुढे चालू लागला. ते बरेच आत गेल्यावर ती बाई टपरीबाहेर येऊन ओरडू लागली, दोन्ही हात हलवू लागली.

“काय म्हणतेय ती?”

“येताना चहाला या म्हणतेय.” वाटाड्यानंही हात हलवला.

समोरून टोपल्या घेतलेली माणसं येत होती. वाळूत शिंपले वेचणारी. सगळी किनाऱ्याकडे निघालेली, आणि कुणी रमतगमत चालत नव्हतं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं वाटाड्याचा दंड धरला, काहीतरी बोलला, बेटाकडे बोट करून मान हलवली. वाटाड्यानं मान डोलावली, हसून दंड सोडवून घेतला. म्हाताऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तोही निघून गेला. आता सगळी माणसं मागे होती आणि वाळूवर हे दोघंच उरले होते.

वाळूत लाकडी खांबांची एक रांग लांब वळसा घेत बेटाकडे गेली होती. “जाळ्यांचे असतील,” असं सांगून वाटाड्यानं नाकासमोरची वाट धरली. पैलवान गप्पा मारत होता. लेकीच्या लग्नात आचाऱ्यानं कसा घोळ घातला, जावई कसा तिच्या धाकात आहे. वाटाड्याला त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं. वळ्यावळ्यांमधलं पाणी आता थरथरायला लागलं होतं, आणि वारा तर नव्हता.

मग समोर एक ओढा आडवा आला. घोट्याएवढाच, पण ओढ विलक्षण. आणि तो समुद्राकडून आत वाहत होता. वाटाड्या जागीच थबकला. “मागे फिरू,” तो म्हणाला. ते वळले, तर आलेल्या वाटेवर पाणी पसरलेलं. मघाच्या त्यांच्या पावलांचा मागमूस नव्हता. चढ म्हणून मागे सोडलेल्या वाळूच्या उंचवट्यावर ते धावत जाऊन उभे राहिले, आणि चारी बाजूंनी पाणी आवाज न करता येत राहिलं.

“आता कुठून?” पैलवानानं विचारलं. त्याच्या आवाजात अजूनही मौज होती.

वाटाड्या त्याच्याकडे वळला. “पैलवान, ऐक. मला माहीत नाही.”

“हं.”

“अरे खरंच सांगतो. मी इथं कधी आलेलोच नाही. जंगलात नाही, पुलावर नाही, कुठंच नाही. मी तळघरात चादरी धुतो. मला ती पाटी वाचता आली नाही.”

पैलवान त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग खो खो हसला. “पुन्हा तेच? बुरुजाजवळ फसलो, आता नाही फसणार.” वाटाड्यानं त्याची जाकिटाची बाही धरून गदागदा हलवली, आईची शपथ घेतली. तेव्हा कुठं पैलवानाचं हसू जरा कमी झालं, पण विश्वास काही बसला नाही. इतक्या वर्षांचा ऐकलेला माणूस एका वाक्यात थोडाच पुसला जातो? “बरं बरं,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “घाबरलास तू, कबूल. पाणी वाढतंय खरं. पण मनात तरी काय येतं तुझ्या? नुसता हात कर. मी विहिरीत पोहलेला माणूस आहे, पुढं जाऊन खोली बघतो.”

पाणी मांडीला लागलं होतं. वाटाड्याला पोहता येत नव्हतं. काय करावं हे त्याला खरोखर कळत नव्हतं, आणि तरी त्यानं हात केला. खांबांकडे. तिथं निदान धरायला काहीतरी होतं.

पैलवान निघाला. छातीपर्यंत पाण्यात गेल्यावर त्यानं वळून अंगठा वर केला. खांब आणि तो यांच्यामध्ये ओढ्याची सगळ्यात खोल घळ होती. ती वरून दिसत नव्हती, आणि तिथं पाण्याला ओढ होती ती विहिरीतली नव्हती. एकदा डोकं दिसलं, मग हात दिसला, मग काहीच नाही. वाटाड्या त्याच्या नावानं ओरडत राहिला. मग ओरडायचंही त्याला सुचेना.

टपरीवालीनं फोन करून बोलावलेली होडी आली तेव्हा तो गळ्यापर्यंत पाण्यात होता. होडीवाल्यांनी त्याला ओढून घेतलं आणि पाणी उतरेपर्यंत शोध चालवला. संध्याकाळी वाळू पुन्हा सकाळसारखी उघडी, स्वच्छ झाली, आणि पैलवान तिच्यावर निजलेला सापडला.

किनाऱ्यावरच्या चौकीत वाटाड्या घोंगडी पांघरून बाकावर बसला होता. बायको हॉटेलच्या कामाच्या कपड्यांतच धावत आली होती. साहेबाच्या प्रश्नांना तीच उत्तरं देत होती. तिनं नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्यानं ती बोलावी म्हणून मनातल्या मनात किती विनवण्या केल्या.

तिचा फोन वाजला. पैलवानाची बायको होती. रोज संध्याकाळी ती दिवसभराची हकीकत ऐकायला फोन करायची. वाटाड्याच्या बायकोनं डोळे पुसले, आवाज नीट केला आणि फोन कानाला लावायला उचलला. “थांब,” वाटाड्या म्हणाला. तिनं मान हलवली, तुम्हाला जमायचं नाही अशी. त्यानं तरी हात पुढेच ठेवला, तेव्हा तिनं फोन दिला. तो “हॅलो” म्हणाला.

“भावजी?” पलीकडून आवाज आला. पाठीमागे भांड्यांचा आवाज येत होता. “आज उशीर झाला मला. जेवलात का दोघं?”

“वहिनी,” तो म्हणाला, “आधी खाली बसा.”

भांड्यांचा आवाज थांबला.

“मला वाट माहीत नव्हती, वहिनी.”