उजव्या पायाचा कलबूत

बूटमास्तर माणसाच्या चालीवरून त्याचा बूट कुठे चावतो ते सांगायचे. गिऱ्हाइकाने दुकानात पाऊल टाकलं की त्याला बसायलाही न सांगता, "डाव्या टाचेला लागतंय ना?" असं विचारून चाट पाडायचे. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांची पक्की समजूत झाली होती, की पाय कधी चुकत नाही, चुकतो तो बूट. या समजुतीनेच त्यांचा घात केला.

एके सकाळी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन टरारून फुगला. चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होईना. डॉक्टरकडे जायचं सोडून मास्तरांनी फळीवरून स्वतःचा कलबूत काढला. कलबूत म्हणजे बूट ज्यावर बेततात तो लाकडी साचा. अंगठ्याच्या जागी त्यांनी पातळ चामड्याचा तुकडा ठोकला, त्या मापाचा ऐसपैस बूट शिवला आणि औषधाच्या दुकानातून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणल्या. आठवड्यात सूज उतरली.

"बघ, बूटच तंग होता," ते बायकोला म्हणाले. स्वारी खूश!

पुन्हा ठणका लागला की पुन्हा तुकडा, पुन्हा गोळ्या. बायकोने डॉक्टरचं नाव काढलं की, "त्याला बुटातलं काय कळतं?" म्हणून उडवून लावायचे. एवढा जाणता माणूस, पण स्वतःच्या बाबतीत ठार आंधळा.

सात वर्षांनी अन्नावरची वासना उडाली, जिना चढताना धाप लागू लागली. मुलीने अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी विचारलं, "अंगठा किती वेळा सुजला होता?"

"असेल दोन-तीनदा."

बायकोही सोबत आली होती. तिने पिशवीतून कलबूत काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरबाईंनी नखाने एकेक थर मोजला. अकरा भरले.

"आणि प्रत्येक वेळी गोळ्या?"

मास्तरांनी मान हलवली.

"हा गाऊट आहे, काका. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की सांध्यात त्याचे बारीक कण साठतात. बीपीही वाढलंय तुमचं. किडन्या आधीच थकल्या होत्या, त्यात या गोळ्यांचा मारा. अंगठा निदान ओरडत तरी होता. किडन्यांनी मुकाट्याने सोसलं. आता थोडंच बळ उरलंय, तेवढं टिकवू या. त्या गोळ्या बंद. आणि पायांवर सूज दिसली तर त्याच दिवशी इकडे यायचं. अंगावर काढलंत तर डायलिसिस टळणार नाही."

घरी आल्यावर मास्तरांनी कलबूत फळीवर परत ठेवला. जन्मभर लोकांच्या पायांचं ऐकलं आणि स्वतःचा पाय अकरा वेळा कळवळला, तेव्हा त्याच्या तोंडावर चामडं ठोकलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

पंधरा दिवस त्यांनी सगळं पथ्य पाळलं. मग एका सकाळी डावा पाय बुटात जाईना. दुखत काहीच नव्हतं, पण बोटाने दाबलं की खळगा तसाच राहत होता. उजव्या पायाचीही तीच गत. 

"अगं," मास्तर म्हणाले, "डावा कलबूत दे जरा. बूट तंग झालाय."

बायको फळीपाशी गेली. कलबूत तिने काढला, पण छातीशी घट्ट धरून तिथेच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"नाही देणार," ती म्हणाली आणि तिने मुलीला फोन लावला.

मास्तरांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही.