सूज आहे, माय

मायनं विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. साफ खोटं आहे ते. तिनं विचारलं होतं, आणि एकदा नाही, चारदा. चारही वेळा मी एकच उत्तर तिच्या अंगावर फेकलं, "सूज आहे, माय."

हिंगोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. मी साखऱ्याच्या शाळेत शिकवायची, राहायला सेनगावात. चाळिशी ओलांडलेली, दोन्ही लेकरं शिकायला बाहेरगावी. एक दिवस अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली आणि दोन महिन्यांच्या आत औरंगाबादच्या एका दवाखान्यात ती बाजू पूर्ण काढून टाकली. मग ती सलाईनमधली औषधं, केस जाणं, भाताच्या वासानंही मळमळणं. ते सगळं मी रडत, ओरडत, घरच्यांवर खेकसत काढलं. मी मुळातच तापट, त्यात आजाराचं निमित्त मिळालं. आमचे मालक तहसीलमध्ये कारकून, स्वभावानं थंड. ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. माय तेवढी मला उलटून बोलायची. साठी पार केलेली ती बाई माझ्यासाठी आपलं गाव सोडून आमच्याकडं येऊन राहिली होती.

माय गावची सुईण. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायका तिच्या हाताखाली बाळंत झालेल्या आणि तिच्याच शेकानं उठून कामाला लागलेल्या. तिची शेकायची एक रीत होती. तव्यावर जाडं मीठ आणि ओवा तापवायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि दुखऱ्या जागेवर दाबून धरायची. पुरचुंडी किती गरम आहे ते ती स्वतःच्या हातानं बघत नसे. जन्मभर चुलीतली लाकडं सारून आणि तव्यावरच्या भाकरी उलटून तिच्या तळव्यांना काही लागायचंच नाही. ती बाईला सांगायची, "मी दाबत जाते, तू बस म्हणलीस की थांबते." बाईनं "बस" म्हटल्याशिवाय तिचा हात उचलायचा नाही.

आता मूळ गोष्ट. ऑपरेशननंतर वर्षभर मी ब्लाउजच्या आत सुती फडक्याची गुंडाळी ठेवून शाळेत जात होते. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की ती गुंडाळी वर सरकायची. एक दिवस चौथीच्या वर्गात ती पार गळ्याशी आली. पोरं आधी गप्प झाली, मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी त्या वर्गावर अशी काही ओरडले की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. घरी येऊन दार लावलं आणि पोटभर रडले. जीव वाचला हे काय कमी आहे का, असं सगळे म्हणायचे. कमी नाही हो. पण मला जीवही पाहिजे होता आणि पाठीमागं कुणी हसणार नाही अशा खात्रीनं फळ्याकडं तोंडही करायचं होतं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंपुढं हे बोलून टाकलं. त्यांनी मला त्याच दवाखान्यातल्या प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आधी छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी ठेवायची. दर पंधरा दिवसांनी सुईनं तिच्यात मिठाचं पाणी भरायचं म्हणजे कातडी हळूहळू ताणते. जागा झाली की पिशवी काढून तिथं कायमचं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं. मी घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला पाहिजे ना? मग झालं तर."

मायला मात्र मी सांगितलं नाही. काहून, तर लाज. या वयात छाती बसवून आली, हे वाक्य मला गल्लीच्या तोंडून आधीच ऐकू येत होतं. आणि मायच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सकाळी तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत शेजारच्या नरसी गावातल्या दुकानांपर्यंत पोचलंच समजा. म्हणून मी तिला म्हटलं, आत थोडं काही राहिलंय, ते बघायला लहानसं ऑपरेशन आहे.

दर रविवारी माय मला तेल लावून अंघोळ घालायची. डावा हात धड वर जात नव्हता, म्हणून सुरू झालेली ही रीत हात बरा झाल्यावरही तिनं सोडली नाही. पिशवी बसवून झाल्यावर पहिल्यांदा पाणी भरून आले त्या रविवारी ती माझ्या छातीकडं बघत राहिली. "हे काय गं? वर आल्यावानी दिसून राहिलं."

"सूज आहे, माय. सुया टोचतात ना, त्याची."

पंधरा दिवसांनी पुन्हा भरलं, मग पुन्हा. जिथं सपाट होतं तिथं आता मूठभर उंचवटा आला होता, ताणलेला, कडक, वरून कातडी चकाकणारी. दवाखान्यातून आले की मला भारी बरं वाटायचं. आणि मायचा चेहरा दर खेपेला उतरत जायचा. ती अंघोळ घालताना त्या बाजूला बघेनाशी झाली. एकदा ती मोरीच्या दारात उभी राहून हळूच म्हणाली, "दवाखान्यातून आलीस की वाढूनच येतं. त्या गाठीचंच हाय का गं परत?"

मला तेव्हाच कळलं की तिला काय वाटतंय. तिच्या डोळ्यांसमोर माझा आजार दर पंधरा दिवसांनी फुगत होता. आणि मी, शिकलेली मास्तरीण, टॉवेलनं अंग पुसत म्हणाले, "सूज आहे म्हणलं ना एकदा! किती डोकं खाशील?"

इम्प्लांट निवडायचा दिवस आला. डॉक्टरांनी ट्रेमध्ये तीन नमुने मांडले, दोन गोल आणि एक थेंबासारखा, खाली भरदार. म्हणाले, हातात घेऊन बघा. मी घेतलं. मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं वजनदार, आणि थंडगार. मी म्हटलं, "डॉक्टर, उजवीनं दोन लेकरं पाजलीत. ती बिचारी केव्हाच खाली आली. तिच्या शेजारी ही नवी नवरी कशी दिसायची?" ते हसले. म्हणाले, तंतोतंत जोडी जमणार नाही, कपड्यांतून मात्र कळणार नाही. शेवटी गोलातला लहान मी निवडला. मग हसणं थांबवून ते म्हणाले, "एक गोष्ट नीट ऐका. या कातडीला आता काही कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, शेक, यातलं काही लावायचं नाही. भाजलं तरी तुम्हाला समजणार नाही. आणि कातडी गेली तर आतलं काढावं लागेल, परत बसेल याची खात्री नाही." मी वर्गातल्या पोरांसारखी मान हलवत हो हो म्हणत राहिले.

इम्प्लांट बसलं. सुरुवातीला कुशीवर झोपता येईना. हात उचलला की आतून ओढायचं. बोट लावलं तर बोटाला कळायचं, छातीला नाही. हे आपलं नाहीच, कुणाचं तरी सांभाळायला घेतलंय, असं वाटायचं. पण महिन्याभरानं शाळेत गेले आणि फळ्याच्या अगदी वरच्या ओळीत, हात पूर्ण उचलून, तारीख आणि वार लिहिला. मागं कुणी हसलं नाही. त्या दिवशी मी वर्गाला विनाकारण अर्धा तास आधी खेळायला सोडलं.

मग थंडी पडली. एका रविवारी तेल लावता लावता मायचा हात चुकून त्या बाजूला लागला आणि विस्तवाला लागावा तसा तिनं तो मागं घेतला. अंग थंड पडलं की आतलं इम्प्लांटही गार पडतं, आणि लवकर गरम होत नाही. मला ते माहीत होतं. तिला कुठून असणार?

"गार हाय गं," ती म्हणाली. "बाकी अंग ऊन अन् एवढंच गार. मेल्यावानी." आणि ती मोरीतच खाली बसून रडायला लागली. इतक्या बाळंतपणांत, इतक्या मरणांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. "मला शेकू दे गं. आत सर्दावलंय ते. शेकलं की मोकळं व्हईल. तुझ्या पाया पडते."

त्या क्षणी दोन वाक्यं बोलायची होती. ती सूज नाही, माय, मी बसवून घेतलंय. बस्स, एवढंच. पण इतके महिने खोटं बोलले हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं? मला तिच्या रडण्याचा राग आला, स्वतःचा राग आला, आणि रागात मी म्हणाले, "कर बाई, काय करायचं ते कर. पण थोडं." मनात म्हटलं, कोमट लावेल, काय होतंय.

पहिले दोन रविवार काही झालं नाही. ती पुरचुंडी ठेवायची, मी अंदाजानं "बस" म्हणायची. ती खूश. तिसऱ्या रविवारी मी आठवडाभराच्या परीक्षांनी थकून गेले होते. अंगणात पाठीवर ऊन, ओव्याचा वास, डोक्यावरून फिरणारा मायचा दुसरा हात. डोळे मिटले. ती मधेच म्हणाली, "सोसतं का गं?" मी म्हटलं, "हं." माझ्या छातीनं मला काहीच सांगितलं नाही, आणि "बस" म्हणायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. मला तिथंच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना साडी नेसत होते, तर छातीवर तळहाताएवढा फोड. दुखत अजिबात नव्हता. न दुखणारी गोष्ट इतकी भीतीदायक असते हे मला तेव्हा समजलं. मी मलम लावलं, कुणाला काही बोलले नाही. चार दिवसांत फोड फुटला आणि खालची कातडी पांढरी पडली, मग कडेनं काळी. रविवार यायच्या आधीच मालकांना घेऊन मी औरंगाबाद गाठलं. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि विचारलं, "काय लावलं होतं?"

"गरम पाण्याची पिशवी," मी म्हणाले. "माझीच चूक."

कातडी वाचली नाही. त्यांनी ती कापून काढली, आतलं इम्प्लांटही काढलं आणि शिवून टाकलं. पुन्हा बसवायचं का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, आता कातडीच पुरत नाही. मालक खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

घरी मायला सांगितलं, सूज काढली. टाके निघाले. नंतर अंघोळीला बसवलं, पट्टी सुटली, आणि ती बघतच राहिली. पुन्हा सपाट. तिचा चेहरा उजळला. "उतरली! मी म्हणलं न्हवतं? शेकानं मोकळी झाली, म्हनून डाक्टरला काढता आली!" वर्षभरानं माय पहिल्यांदा हसली. माझं तोंड तिनं दोन्ही हातांत धरलं. मला किंचाळावंसं वाटत होतं. मी म्हणाले, "व्हय, माय. तुझ्याच शेकानं."

हे तिनं गल्लीत सांगितलंच. मी मनाशी म्हटलं, सांगू दे, म्हातारीला तेवढंच सुख. महिना-दीड महिना गेला असेल. मी शाळेतून घरी आले तर ओव्याचा वास. अंगणात आमच्या मागल्या घरातली बाई ब्लाउजची बटणं सोडून बसलेली, आणि माय तिच्यापुढं पुरचुंडी घेऊन. माय मला म्हणाली, "हिलाबी गाठ हाय. दवाखान्यात जायला भेव वाटून राहिलं तिला. म्हणलं, आधी शेकून बघू. तुझी उतरली ना."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "माय, थांब," मी ओरडले. आणि तिथंच, त्या परक्या बाईसमोर, जी गोष्ट गल्लीला कळू नये म्हणून वर्षभर दाबली होती ती सगळी बोलून टाकली. पिशवी, सुया, पाणी, इम्प्लांट, फोड. शेकानं काही उतरलं नव्हतं, हेही. ती बाई घाईघाईनं बटणं लावायला लागली. मी तिला म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीनं हिंगोलीला जायचं, मी सोबत येते. ती मान हलवून निघून गेली.

पुरचुंडी अजून मायच्या हातात होती. तिनं ती खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तू बस काहून न्हाई म्हणलीस?"

"मला लागतच नव्हतं, माय."

"मग लागत न्हाई, एवढं तरी सांगायचं."