खंडेनवमीनंतरचे दोन पत्ते

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रत्नागिरीतल्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत तीन संगणक आणि एक सर्व्हर आला. संगणकांना स्वतःची डिस्क नव्हती. सकाळी बटण दाबलं की संगणक आधी तारेवरून विचारायचा: माझ्या पेटीत तार जोडलेलं जे कार्ड आहे त्याचा क्रमांक हा, माझा पत्ता काय? सर्व्हर आपल्या यादीत तो क्रमांक शोधून पत्ता सांगायचा. मगच काम सुरू व्हायचं.

मुंबईच्या इंजिनिअरने हे समजावलं तेव्हा मी हातातली बातमी बाजूला ठेवली. लांज्याच्या स्टँडवर अनोळखी माणूस उतरला की चार जण त्याला विचारतात, कुठला, कुणाचा. इथे उतरणाराच इतरांना विचारत होता, मी कुठला.

ऑपरेटर राजिवड्याची मुलगी होती, वडील कुवेतला. इंजिनिअर यादी भरत होता तेव्हा शेजारी बसून तिने प्रत्येक ओळीचं कारण विचारून घेतलं. जाताना तो तिला म्हणाला, "यादीला हात लावू नका. एक ओळ चुकली तर काहीच सुरू होणार नाही. मला फोन करा."

मालकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. दसऱ्याचा अंक पूर्ण संगणकावर निघाला तर नोकरी कायम. नाहीतर माळ्यावर ठेवलेले छपाईचे शिशाचे खिळे खाली येतील आणि ऑपरेटरची गरज उरणार नाही.

ते खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेले फोरमन कचेरीत काका म्हणून ओळखले जात. खंडेनवमीला छापखान्यातलं प्रत्येक यंत्र उघडून, पुसून मग पुजायचं, हा त्यांचा शिरस्ता. संगणकांनाही त्यांनी सूट दिली नाही. "पेटी न उघडता पूजा म्हणजे तोंड न धुता गंध लावणं," ते म्हणाले. समुद्राच्या हवेने कार्डांच्या कडा काळवंडल्याच होत्या. काका आणि ती, दोघांनी तिन्ही कार्डं काढून एका जुन्या अंकावर मांडली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, परत बसवली. पेट्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या.

दसऱ्याच्या सकाळी तिन्ही संगणक बिनतक्रार सुरू झाले. तिने पहिलं पान छपाईला पाठवलं. पडद्यावर उमटलं, पान गेलं. खिडकीजवळच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर मात्र गप्प.

"गेलं म्हणतो ना तो? मग गेलं कुठं, गणपतीपुळ्याला?" काका म्हणाले.

ती हसली नाही. तिने पान पुन्हा पाठवलं. मालकांनी माळ्याकडे पाहिलं. "दुपारपर्यंत थांबतो. मग खिळे उतरवा."

इंजिनिअरसाठी ट्रंक कॉल लावला होता, तो लागत नव्हता. मी माझ्या कामासाठी दाराजवळच्या संगणकाशी गेलो. त्याच्या पडद्यावर लिहिलं होतं, प्रिंटर जोडलेला नाही. त्या संगणकाला प्रिंटर कधीच नव्हता. मी तिला हाक मारली. तिने ती ओळ वाचली, मग सर्व्हरवरची यादी उघडून पाहिली.

"यादी जशीच्या तशी आहे."

"मग काय यंत्र खोटं बोलतंय?"

"नाही काका. काल आपण कार्डं पुसली. कुठलं कुठे बसवलं?"

"जागच्या जागी." काकांनी दोन्ही पेट्यांकडे पाहिलं. "दिसायला सारखीच होती गो ती."

खिडकीचं कार्ड दाराच्या पेटीत गेलं होतं आणि दाराचं खिडकीच्या. सर्व्हरने क्रमांक पाहून पत्ता दिला होता; छापायचं पान खिडकीच्या पत्त्यावर जायचं, आणि तो पत्ता आता दाराच्या संगणकाला मिळाला होता. पेटी कुठल्या टेबलावर आहे, हे त्याला कळायला मार्गच नव्हता.

मालक म्हणाले, पेट्या उघडा, कार्डं बदला.

"आज नाही," काका म्हणाले. "पूजेची फुलं अजून अंगावर आहेत. उद्या उघडू."

उद्या अंकाचा उपयोग नव्हता.

"उघडायला नकोत," ती म्हणाली. "कार्डं आहेत तिथेच राहू देत. यादीतले पत्ते बदलते."

"त्याने हात लावू नका म्हटलंय ना?" मी विचारलं.

"हो." तिने आधी जुन्या यादीची प्रत काढून ठेवली. मग दोन ओळींतले पत्ते अदलाबदल केले, दोनदा वाचून पाहिले, संगणक बंद केले आणि खिडकीजवळचा आधी सुरू केला. पडदा बराच वेळ काळा राहिला. मग अक्षरं आली.

पान पाठवल्यावर प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला तो काकांनी उचलला, उजेडाकडे धरून वरपासून खालपर्यंत वाचला आणि मालकांच्या हातात दिला. संध्याकाळी अंक बाहेर पडला. आपट्याची पानं वाटताना काकांनी पहिलं पान तिला दिलं. खिळे माळ्यावरच राहिले.

दिवाळीनंतर इंजिनिअर आला. यादी पाहून त्याने कायम झालेल्या ऑपरेटरला विचारलं, हे दोन पत्ते उलटे कसे?

"खंडेनवमी," ती म्हणाली.

त्याला काही उमगलं नाही. पण सगळं चालू होतं, म्हणून त्याने यादी तशीच ठेवली.