आईच्या नावाचा टंबलर

आज कॉफीचा जुना टंबलर घासताना कोरलेली अक्षरं बोटाला लागली आणि मी थेट तंजावूरच्या घरी पोचले.

त्या दिवशी शाळेत शिकवलं होतं, की इंग्रजीत नावापुढे वर स्वल्पविराम देऊन एस लावला की वस्तू त्या माणसाची होते! मी धावतच घरी आले, तर ओट्यावर भांड्यांवर नावं घालणारा बसलेला. आमच्याकडे भांड्यांवर नाव एकट्या आजोबांचं.

"ह्याच्यावर आईचं घाला, इंग्रजीत!" मी कॉफीचा एक टंबलर पुढे करून वहीत लिहून दाखवलं.

"अगं, आजोबा काय म्हणतील?" आई घाबरली. तोवर छिन्नी टकटकू लागली होती.

इंग्रजी न येणाऱ्या आईने त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. एरवी सगळ्यांना देऊन उरलेली कॉफी ती पातेल्यातूनच प्यायची. त्या संध्याकाळी तिने पहिला टंबलर स्वतःसाठी भरला.