खाऱ्या पाण्यातला चौकोन

वैजापूरच्या बाजारात कांद्याचे सौदे करून मी शिकलो, त्यामुळे प्रयोगशाळेतही माझा आवाज चढाच असे. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण त्यावर हसायची. आम्ही दोघं आरएनएच्या धाग्यांपासून डोळ्यांना न दिसणारा चौकोन बांधत होतो. त्याच्या कोपऱ्यांत बसवायचा आरएनए असा, की तो कात्रीसारखा दुसरा धागा कापतो. कागदावर चौकोन देखणा होता. नळीत मात्र उभा राहत नव्हता. तिला परदेशातून बोलावणं आलं होतं. "हा जमला तर मी जात नाही," ती म्हणाली होती.

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि प्रयोगशाळेतलं शुद्ध पाण्याचं यंत्र बंद केलं गेलं. ते गार ठेवायलाच धो धो पाणी लागायचं. मग मी बीड बायपासच्या एका बोरवरून होस्टेलसाठी येणारा टँकर फाटकातच अडवला.

"आमचे कॅन आधी भर."

"होस्टेलला पाणी नाय अन् तुम्हाला आधी? आंघोळ करायचीय का साहेब?"

"चौकोन बांधायचाय."

"पाण्याचा? व्हय, बांधा बांधा. पण लई खारं हाय. डाळ शिजत नाय यात."

ते पाणी गाळलं, आरएनए नासू नये म्हणून औषध घालून उकळलं, त्यात धागे मिसळले. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर एकच ठसठशीत पट्टी उमटली, बरोब्बर चौकोनाच्या जागी. तिनं हातमोज्यासकट माझा हात दाबला. "जमलं रे!"

आमच्या मार्गदर्शक सरांनी त्या पट्टीचा फोटो बाजूला सारला. "टँकरचं पाणी? हे मी कुणाला दाखवू? शुद्ध पाण्यात करून आणा." मी टेबलावर हात आपटला. तो राग अजून गेलेला नाही.

यंत्र सुरू झाल्यावर शुद्ध पाण्यात क्षार घातले, वाढवले, कमी केले. चौकोन उभा राहिला नाही. कॅन तोवर रिकामे झाले होते. टँकरवाल्याला विचारून त्या बोरवर गेलो, तर ती बुजवून इमारतीचा पाया भरत होते. मैत्रीण परदेशी गेली.

तिकडे ती आता असलेच आकार बांधते. दिवाळीला फोन करते, पाण्याचा विषय मात्र कधी काढत नाही.

बायपासला आता इमारतीच इमारती. कुठं नवी बोर लागली, की मी बाटली घेऊन उभा राहतो. परवा वॉचमननं टोकलं, "साहब, पीने का नहीं है, खारा है."

"खाराच होना मेरेकू," म्हणालो आणि बाटली पुढं केली.