मशीनची चप्पल

नितीनच्या बेस गिटारचा ॲम्प पुन्हा माझ्या टेबलावर आला होता आणि पुन्हा गप्प होता.

"घरी नुसता हमिंग करतो, ताई. तुमच्या दुकानात आला की सज्जन होतो," नितीन म्हणाला.

हमिंग म्हणजे स्पीकरमधून सतत येणारा घूंऽऽ असा आवाज. गिटार वाजवली नाही तरी तो येत राहतो. नितीन साळवे नाशिकरोडला राहतो, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार आहे आणि भीमगीतांच्या एका ग्रुपमध्ये बेस गिटार वाजवतो. बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी चालणारा जाड सूर. असतो तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही, थांबला की गाणं पोकळ वाटतं. मी सातपूरला ॲम्प, स्पीकर आणि मिक्सर दुरुस्त करते. मिक्सर गाण्याचा. चटणीचा घेऊन येणारेही असतात, त्यांना शेजारच्या दुकानात पाठवते.

ॲम्प मी आधीच उघडून पाहिला होता. कपॅसिटर चांगले, सोल्डरिंग पक्कं. संशय नको म्हणून गिटारची पिन बसते तो जॅकही बदलला होता. आता बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"रविवारी रेकॉर्डिंग आहे, माझ्याच घरी," नितीन म्हणाला. "दादा म्हणाले, हमिंग आलं तर बेस कीबोर्डवर घेऊ."

दादा म्हणजे ग्रुपचे प्रमुख. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुपमध्ये कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवून टाकतो. वेगळा बेसवाला लागत नाही. एकदा तसं भागलं की मग कायमचंच भागतं. नितीन हसत सांगत होता, पण ॲम्पचं हँडल त्याने सोडलं नव्हतं.

"ॲम्प घरी ने," मी म्हटलं. "मीच येते."

त्याची सोसायटी जुनी आहे. बहुतेक घरं बौद्ध, कोणी कारखान्यात, कोणी शाळेत, कोणी कचेरीत. आवारात पंचशील ध्वजाचा ओटा, त्याला निळ्या टाइल्स. नितीनने ॲम्प लावला आणि घूंऽऽ सुरू झालं.

अशा वेळी एकेक संशयित बाहेर काढायचा असतो. गिटारचा आवाज शून्य केला, हमिंग तसंच. गिटारची केबल काढून टाकली, तरी तसंच. म्हणजे गिटार सुटली. ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर बंद केले. फरक नाही. केबल पुन्हा लावून मी गिटारच्या तारांना हात लावला, तर बोटांना बारीक मुंग्या आल्या.

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला वाटलं, बेसचा फील असेल."

ॲम्पच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

इथे थोडं समजावून सांगते. थ्री-पिनमधली सर्वांत जाड पिन अर्थिंगची. यंत्राच्या पत्र्यावर भरकटलेला करंट आला तर त्याने माणसात न शिरता जमिनीत जावं, म्हणून ती असते. ॲम्पमध्ये तिचं आणखी एक काम असतं. घरातल्या वायरिंगची गुणगुण बाहेरच्या बाहेर अडवण्यासाठी ॲम्पचा पत्रा छत्रीसारखा उपयोगी पडतो, पण तो जमिनीशी जोडलेला असेल तरच. दोन वायरी जोडलेला साधा बल्ब मी जवळ ठेवते. फेज म्हणजे वीज आणणारी वायर, न्यूट्रल म्हणजे ती परत नेणारी. त्यांच्यात धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्येही पेटायला हवा होता. मिणमिणलासुद्धा नाही. माझ्या दुकानात पेटतो, म्हणूनच ॲम्प तिथे सज्जन.

खोलीतली वायर तुटली असेल, म्हणून बाथरूममधला पॉइंट तपासायला गेले.

"ताई, थांबा! चप्पल घाला!" नितीनची बायको प्रज्ञा मागून ओरडली.

वॉशिंग मशीनशेजारी रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला होता.

"ही कोणाची?"

"मशीनची. अनवाणी हात लावला की मशीन चावतं."

"कोणाला दाखवलं नाही?"

"काय दाखवायचं? सगळ्यांच्याच घरी आहे."

खरंच होती. समोरच्या घरात होती, खालच्या घरात होती. सोसायटीचे चेअरमन गायकवाड काका यांच्या घरी तर चांगल्या प्रतीची होती. त्यांची सून सारिका म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी देव्हारा नाही, आधी ही चप्पल दाखवली."

"देव्हारा आहेच कुठे आपल्याकडे?" काका आतून म्हणाले.

"तेच म्हणते. दाखवायला चप्पलच होती."

बल्ब एकाही घरात अर्थिंगवर पेटला नाही. दोष नितीनच्या घरात नव्हता, इमारतीच्या मुळाशी होता. मीटरच्या खोलीतून अर्थिंगची पट्टी भिंतीबाहेर पडते. तिच्या मागोमाग आम्ही आवारात आलो. पट्टी ध्वजाच्या ओट्याखाली शिरली होती.

"इथे पूर्वी एक झाकण होतं," काका आठवून म्हणाले. "वॉचमन त्यात पाणी ओतायचा. ओटा बांधला तेव्हा बुजवलं."

ते झाकण अर्थिंगच्या खड्ड्याचं होतं. खड्ड्यात धातूची प्लेट, भोवती मीठ आणि लाकडी कोळसा. तो ओला ठेवावा लागतो, कारण कोरडी माती करंट घेत नाही. ओट्याखाली प्लेट कोरडी पडून गंजली असणार. शिवाय सगळ्या घरांच्या अर्थिंगच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या असतात. उद्या एकाच्या गिझरमध्ये करंट उतरला तर तो प्रत्येकाच्या मशीनवर येईल. त्याला रबरी चप्पल पुरेलच असं नाही.

"ओट्याला हात लागणार नाही," काका म्हणाले.

"लावायचाच नाही. बाजूला नवा खड्डा घ्यायचा."

"मीटिंगमध्ये विषय घेऊ. पावसाळा होऊन जाऊ दे. इतकी वर्षं चालतंयच ना, पोरी?"

आमच्या घरी पेपरच्या आधी कारखान्याच्या गेटवर वाटलेली युनियनची पत्रकं वाचली जायची. अक्षरओळख मला त्यांनीच करून दिली. तेव्हापासून 'चालतंय' हा शब्द ऐकला की कोणाचं चालतंय, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

"काका, तुमच्याकडे मशीन कोण लावतं?"

काका ध्वजाकडे बघू लागले. वर खिडकीत सारिका कपडे वाळत घालत होती. तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी नितीनचा फोन आला. "ताई, काम झालं! ॲम्प एकदम गप्प!"

"काय केलंस?"

"कोपऱ्यावरच्या वायरमनने सॉकेटमध्ये लूप मारून दिला. दोन मिनिटांत."

मी दुकान बंद करून निघाले. लूप म्हणजे सॉकेटमध्येच अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडणं. आवाज जातो, हे खरं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की पूर्ण वीज उलटी त्या वायरीने पत्र्यावर येते. ॲम्पच्या, तिथून गिटारच्या तारांवर, आणि वायरी जोडलेल्या असल्यामुळे सगळ्या इमारतीतल्या मशीनवर. आवाज न करता.

"रविवारपर्यंत राहू द्या ना, ताई," नितीन म्हणाला. "रेकॉर्डिंग झालं की काढतो."

"प्लांटमध्ये असं करशील?"

"प्लांटमध्ये? गेटपास जाईल माझा."

"का?"

प्रज्ञा दारात उभी होती. ग्रुपमध्ये तीच गाते आणि रेकॉर्डिंगला त्याच्या शेजारीच उभी राहणार होती. नितीनने मेन स्विच पाडला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लूप स्वतः काढला. स्विच वर केला. घूंऽऽ परत आलं.

"गेली आपली बेस गिटार," तो म्हणाला. मग माझा बल्ब उचलून म्हणाला, "हा जरा देता का?"

त्या संध्याकाळी तो घरोघर फिरला. फेज-न्यूट्रल, बल्ब पेटला. फेज-अर्थिंग, विझला. भाषण काही केलं नाही. सकाळी सारिकाने मशीन लावलं नाही. तिचं बघून खालच्या घरात लावलं नाही, समोरच्या घरातही नाही. काकांचे पांढरे सदरे बादलीत पडून राहिले. मीटिंग पावसाळ्याच्या बरीच आधी, म्हणजे त्याच संध्याकाळी झाली.

शनिवारी ओट्यापासून थोडं लांब खड्डा खणला गेला.

"कोळसा तुमच्याकडूनच आणा, एकलहऱ्याहून," कोणीतरी नितीनला चिडवलं.

"तो साहेबांचा आहे. आणि इथे लाकडी लागतो," नितीन म्हणाला आणि पोतं आणायला गेला.

लायसन्सवाल्या वायरमनने नवी प्लेट आणि पट्टी जोडली. पाणी ओतलं. मी फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब धरला. पेटला. वर जाऊन ॲम्प सुरू केला. कान लावला तर किंचित सूऽऽ येत होतं. तेवढं प्रत्येक ॲम्पला असतं. रविवारी रेकॉर्डिंग झालं. बेस नितीननेच वाजवला. कीबोर्डवाल्याचा डावा हात त्याच्या जागी राहिला.

ॲम्पमध्ये दोष कधीच नव्हता. उलट त्या इमारतीत तक्रार करणारी तेवढी एकच वस्तू होती. बाकी सगळ्यांनी चप्पल घातली होती. आवाज बंद करणं आणि दोष काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. गिऱ्हाइकाला पहिलं हवं असतं, आपण दुसरं करायचं.

शनिवारी निघताना गायकवाड काकांकडे डोकावले होते. सारिका चप्पल घालूनच मशीनपाशी उभी होती.

"आता काढा ती," मी म्हटलं. "मी तपासलंय."

"आधी पप्पांना अनवाणी हात लावू दे."

काका आले. चप्पल काढली, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि मशीनवर पूर्ण पंजा टेकवला.

"काही नाही," ते म्हणाले.

"मग आलाच आहात तर ते सदरे टाका आत," सारिका म्हणाली.