नऊ दिवसांच्या बाळाचं नाव

श्रावणात माझं बाळ गेलं आणि त्यानंतर दिवाळी होऊन गेली तरी मी देवाशी बोलले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं असं ठरवून बसले आहे. देवापुढं दिवा लावायचं काम मी सासूबाईंवर सोडून दिलं होतं. नवरात्रात आमच्या घरी घट बसतात. मी माती चाळली, धान्य पेरलं, रोजचा नैवेद्य केला, कशात कमी पडू दिलं नाही, पण देवीसमोर उभी राहून एक अक्षर काढलं नाही. बोलायचं तरी काय? नऊ दिवसांसाठी द्यायचंच कशाला, एवढंच मला विचारायचं होतं, आणि ते तिला न विचारताही कळत असणार.

मुलगा होता. दिवस भरायच्या आधी झाला म्हणून दवाखान्यात काचेत ठेवला होता. एवढ्याशा पायाला एक पट्टी बांधलेली, तिच्यावर इंग्रजीत 'बेबी ऑफ' आणि पुढं माझं नाव. आमच्यात बाराव्या दिवशी बारसं असतं. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तोवर बाळ नुसतं बाळ. माझा मुलगा नवव्या दिवशी गेला. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. पुरुषमंडळी घेऊन गेली आणि तासाभरात हातपाय धुऊन परत आली. कुठं ठेवलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि आईनं ते विचारायचं नसतं असं सासूबाईंनी बजावलं होतं. दहावं नाही, तेरावं नाही. पितृपंधरवड्यात घरातल्या गेलेल्या सगळ्यांच्या नावानं पानं वाढली, त्याचं नाही, कारण एक तर तो लहान, आणि वाढायचं तरी कोणत्या नावानं? मला त्याच्यासाठी रडायचं होतं हो. पण रडताना माणूस हाक मारतं, आणि मला मारायला हाक नव्हती. लोक म्हणायचे, धीराची आहे बाई. धीर कसला डोंबलाचा. रडूच बाहेर येत नव्हतं.

आता माझ्या लेकीच्या, सईच्या शाळेचं सांगते. आम्ही लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचे, घरची भातशेती. आमचे हे खंडाळ्यात एका बंगल्यावर गाडी चालवतात. बंगल्यातली मुलं लोणावळ्यातल्या ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत जायची. दुसऱ्यांची पोरं त्या फाटकात सोडता सोडता यांच्या मनानं घेतलं, की आपली सईपण इथंच शिकणार. सासूबाईंना ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. "धाडा, धाडा, पोरगी बाटवून परत देत्याल," असं त्या येता-जाता म्हणायच्या. मी वडगावची, चार बुकं शिकलेली, मी हसण्यावारी न्यायचे. सई जेवायच्या आधी डोळे मिटून इंग्रजीत काहीतरी पुटपुटायला लागली तेव्हा मी म्हणायचे, आई, पुटपुटते तोवर भात निवतो, तेवढंच नुकसान. पण बाळ गेल्यावर माझं हसणं गेलं. सासूबाई म्हणाल्या, आपला देव सोडून पोरीला दुसऱ्याच्या दारात धाडलीत, तवा देव कोपला. त्या दिवशी मी त्यांना उलट बोलले नाही. खरं सांगते, ते बोलणं माझ्या मनात जाऊन बसलं होतं. माणसाला दुःखात कुणीतरी दोषी लागतं, मला शाळा सापडली.

नोव्हेंबरात एक दिवस सईच्याच व्हॅनमधल्या एका मुलीची आई मला दुकानात भेटली. ती म्हणाली, तुमच्या सईनं चर्चमधल्या पेटीत चिठ्ठी टाकली, माहितीये का? कसली पेटी, तर मेलेल्यांची. त्या महिन्यात त्यांच्यात गेलेल्या माणसांची आठवण करतात म्हणे. नाव लिहून पेटीत टाकायचं, महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. सक्ती कुणावर नाही, पण सईनं आपणहून टाकली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आमच्याकडं जित्या माणसाचं नाव मेलेल्यांत घेतलं तरी लोक थू थू करतात. माझ्या डोक्यात बाळ आलंच नाही, कारण बाळाला नावच नव्हतं, मग चिठ्ठीवर असणार कुणाचं? मला वाटलं पोरीनं बापाचं लिहिलं, नाहीतर माझं. संध्याकाळी सई आल्या आल्या तिला पुढ्यात उभी केली आणि कुणाचं नाव टाकलंस म्हणून विचारलं. ती बुटाची नाडी सोडायला लागली. पुन्हा विचारलं, तर दप्तरातून डबा काढायला लागली. मी तिच्या गालात मारली. सात वर्षांची पोर, गाल चोळत म्हणाली, "नाही सांगणार. तू रडशील." सासूबाई दारात बसून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगत व्हते." मी ठरवलं, उद्या जाऊन दाखला काढायचा. एक लेकरू गेलं, दुसरं जाऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी यांना न सांगता शाळेत गेले. काय काय बोलायचं ते रिक्षात पाठ करत होते. आमची पोरं शिकायला येतात, तुमचा धर्म घ्यायला नाही, वगैरे. शिपायानं एका खोलीत बसवलं. समोर त्यांच्या मेरीमातेची मूर्ती होती, कडेवर बाळ घेतलेली. मी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. तिचं बाळ तिच्या कडेवर होतं ना.

थोड्या वेळानं एक म्हाताऱ्या सिस्टर आल्या. मला वाटलं होतं इंग्रजी झाडतील. त्या वसईकडच्या निघाल्या, आमच्यासारखंच मराठी, थोडा वेगळा हेल. मी पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले, आवाज चढवून बोलले. त्यांनी मधे तोडलं नाही. मी थांबल्यावर मला शेजारच्या छोट्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. लाकडी पेटी होती. म्हणाल्या, ही आम्ही उघडत नाही, ज्याची त्याची चिठ्ठी ज्याची त्यानं टाकलेली असते, पण तुम्ही आई आहात. चष्मा लावून त्यांनी एकेक चिठ्ठी बघायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. कुणाचा बाप, कुणाची आजी, कुणाचं कुत्रंसुद्धा होतं त्यात. मग त्यांनी दुरेघी वहीचा अर्धा फाडलेला कागद माझ्या हातात दिला.

मराठीत लिहिलं होतं. स्वराज, पुढं यांचं नाव, पुढं आमचं आडनाव. खाली, वय नऊ दिवस.

मला सातवा महिना होता तेव्हाच सईनं हे नाव ठरवलं होतं. पोटाला तोंड लावून हाका मारायची. मी म्हणायचे, नाव आत्या ठेवेल, तू मधे मधे करू नकोस. ते मी साफ विसरून गेले होते.

सिस्टर सांगायला लागल्या, आणि त्यांनी सांगितलेलं मला शब्द न् शब्द आठवतं. "ती तीन दिवस माझ्याकडं येत होती, बाय. पहिल्या दिवशी विचारलं, नाव नसलेल्याची चिठ्ठी चालते का. मी म्हटलं, नुसतं बाळ लिही, देवाला कळतं. तर म्हणाली, देवाला कळेल हो, पण आपल्यालाच बोलावलंय हे बाळाला कसं कळणार? दुसऱ्या दिवशी नाव घेऊन आली. तिसऱ्या दिवशी विचारलं, मराठीत लिहू का, बाळाला इंग्रजी येत नाही."

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, की आमच्यात तरी काय निराळं होतं? त्यांच्या आईचं एक बाळ बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलं होतं. त्या काळी तसल्या बाळांना दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा मिळत नसे. आई भिंतीबाहेर उभी राहून फुलं ठेवायची आणि कुणी आलं की बाजूला व्हायची. बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही. सिस्टर म्हणाल्या, तुमच्या मुलीनं विचारलं तसं विचारायचं मला लहानपणी सुचलं नाही.

मी तिथं बाकावर बसून रडले. स्वराज, स्वराज म्हणून रडले. श्रावणापासूनचं सगळं बाहेर आलं. सिस्टरांनी पाठीवरून हात फिरवला, देवाचं नाव काढलं नाही, त्यांच्याही नाही आणि माझ्याही नाही. शेवटी पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही कशासाठी आला होता? मला तेव्हा दाखला हा शब्दच आठवेना. चिठ्ठी घडी घालून मी माझ्या हातानं परत पेटीत टाकली आणि घरी आले.

संध्याकाळी सईला मांडीवर घेतलं. कालचा गाल कुरवाळला. माफी मागायची रीत आपल्याकडं नाही, पण मी मागितली. मग हे आल्यावर म्हटलं, स्वराजला कुठं ठेवलंय ते मला दाखवा. नाव ऐकून हे खाली बसले आणि म्हणाले, सकाळी नेतो. सासूबाई म्हणाल्या, आईनं ती जागा बघितली की पुढं कूस लागत न्हाई. मी म्हटलं, न लागू दे.

सकाळी निघालो. यांची ड्युटी दुपारची होती, सईची शाळा बुडवली. नागफणीच्या डोंगराच्या अंगाला आमची खाचरं आहेत, भात काढून झालेलं, नुसते बुडखे उभे. वरच्या खाचराच्या बांधाला जांभळीखाली चार दगड आणि त्यावर वाळलेल्या काटेरी फांद्यांचं झाळकं टाकलेलं होतं, जनावरानं उकरू नये म्हणून. एवढीशी जागा. मी रोज दारातून दिसणाऱ्या त्या जांभळीकडं तीन महिने बघत होते आणि मला माहीत नव्हतं. मी खाली बसले, सई माझ्या शेजारी पालथी पडली आणि मातीला तोंड लावून तिनं त्याला नाव सांगितलं. हे पाठमोरे उभे राहिले. यांचे खांदे हलत होते.

मागं काठीचा आवाज आला. सासूबाई होत्या. एवढा चढ चढून त्या आल्या होत्या, मला वाटलं आता बोलतील. मेलेल्याचं बारसं करत्यात व्हय, असं काहीतरी. त्या दगडांजवळ आल्या, वाकून सरकलेलं झाळकं नीट केलं. मग काठीनं बांधाच्या पलीकडं, जिथं आता काहीसुद्धा दिसत नाही, तिकडं दाखवलं.

"माजी दोन हायेत तितं."

यांनी वळून बघितलं. चाळिशीला आलेल्या माझ्या नवऱ्याला आपल्या आधी दोन भावंडं होऊन गेली हे ठाऊक नव्हतं. कुणी बोललंच नव्हतं. मला सासूबाईंचा इतके दिवस राग होता, आणि त्या क्षणी कळलं, ही बाई मला गप्प बसायला शिकवत होती कारण तिला तेवढंच शिकवलं गेलं होतं.

मी देवाकडं बाळाचं आयुष्य मागितलं होतं, ते मिळालं नाही आणि मिळणारही नाही. ते दुःख आहे तसं आहे, आज हे लिहितानाही आहे. पण मी तोंड फिरवून बसले होते तेव्हा तो माझ्या घरातून माझ्याच लेकीच्या हाताला धरून गेला, ज्या दाराचा मला संताप होता त्या दारात जाऊन उभा राहिला, आणि माझ्या मुलाचं नाव घेऊन परत आला. कोणत्या देवानं हे केलं म्हणून मी विचारत बसत नाही. माझी देवी, त्यांची मेरीमाता, त्यांचं ते बघून घेतील. मी अटी घालत होते, हे दे मगच बोलेन. आता अट घालत नाही. जे हातात देतोस ते दोन्ही हातांनी घेते, एवढंच म्हणते, आणि ते म्हणताना अजूनही रडू येतं.

त्या सकाळी जांभळीखाली सासूबाई सईजवळ खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या वर्षानुवर्षं जमिनीवर बसल्या नव्हत्या. सईच्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "तुज्या त्या पेटीत माजी बी दोन टाकशील का गं?"

सई म्हणाली, "टाकते ना. पण आजी, त्यांची नावं काय?"

मला वाटलं आता त्या अडतील, कारण बारसं त्यांचंही झालं नव्हतं. पण म्हातारीनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"खंडू," त्या म्हणाल्या, "आन् धाकटी हौसा."